चौथ्या सीटवरची दाढ

दात दुखायला लागला की मराठी माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही, स्वयंपाकघरात जातो. गरम मसाल्याच्या डब्यातली लवंग काढायची आणि दुखऱ्या जागी दाबून धरायची. लवंगेने भागलं नाही तर हिंग. हिंगाने नाही तर तुरटीच्या गुळण्या, मग पेरूच्या पानांचा काढा, आणि तेवढ्यावरही दाढ ऐकत नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानातून अक्कलकाऱ्याची मुळी. एवढं सगळं झाल्यावर कोणीतरी चाचरत म्हणतं, ‘एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यायला काय हरकत आहे?’ तोवर दुखणाऱ्याची रात्र गेलेली असते आणि घरातली लवंग संपलेली असते.

गंमत अशी की दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला वास येतो तो लवंगेचाच. दातात तात्पुरतं भरायला झिंक ऑक्साइडच्या पुडीत युजेनॉल कालवतात, आणि युजेनॉल हा लवंगेच्या तेलातला मुख्य ऐवज. माझ्याबरोबर आलेल्या सासूबाईंनी दारातच दोनदा हुंगून पाहिलं आणि रिसेप्शनवरच्या मुलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, ‘लवंगच लावणार होते तर घरची काय वाईट होती? इथे तिचेच पाचशे लावतील.’

माझा घात केला तिळाने. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात, त्यातलाच एक. माझ्या खालच्या डाव्या अक्कलदाढेचं एक टोक बरीच वर्षं हिरडीतून डोकावत होतं. बाकीची दाढ आत. अशा अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते, आणि त्या झडपेचा स्वभाव असा, की आत सगळं घेते, बाहेर काही सोडत नाही. ब्रश तिथे पोचत नाही, चूळ पोचत नाही, तीळ मात्र बिनचूक पोचतो. भोगीला तो आत गेला, संक्रांतीला सकाळी गाल सुजला आणि दुपारपर्यंत तोंड जेमतेम बोटभर उघडायला लागलं. त्यानंतर दिवसभर माणसं दारात येऊन माझ्या हातावर आणखी तीळ ठेवत होती आणि वर गोड बोलायला सांगत होती. मला कडूसुद्धा बोलता येत नव्हतं.

या प्रकाराला पेरिकोरोनायटिस म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, झडपेखाली पिचकारीने धुऊन काढलं (तीळ निघाला; नवऱ्याने फोटो काढला) आणि ओपीजी करून आणायला सांगितलं.

ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा एकच लांबलचक एक्सरे. आपण उभं राहायचं, पुढच्या दातांत एक प्लॅस्टिकची काडी चावून धरायची, हनुवटी टेकवायची, आणि ते यंत्र आपल्या डोक्याभोवती सावकाश चक्कर मारतं. देवळात प्रदक्षिणा आपण घालतो. इथे आपण जागच्या जागी आणि प्रदक्षिणा आपल्याला, तेवढा मान पुरे झाला. पण त्याआधी तिथला पोरगा म्हणाला, ‘मॅडम, गळ्यातलं, कानातलं, सगळं मेटल काढा.’ कुड्या निघाल्या, साखळी निघाली. मंगळसूत्राला हात घातला तशी सासूबाईंनी मान वळवून भिंतीवरच्या ‘गर्भवती स्त्रियांनी सूचना द्यावी’ या पाटीकडे बघायला सुरुवात केली. संक्रांतीच्या आठवड्यात सुनेच्या गळ्यात काही नाही, हे त्यांना बघवेना. यंत्र थांबल्या थांबल्या त्यांनी स्वतःच्या हाताने ते परत माझ्या गळ्यात अडकवलं. तो पोरगा ‘एक मिनिट, इमेज चेक करतो’ म्हणतोय तोपर्यंत. इमेज नीट आली होती म्हणून बरं. नाहीतर त्या बाईंनी दुसऱ्यांदा काढू दिलं नसतं.

फिल्म उजेडावर धरली आणि मला माझा जबडा पहिल्यांदा नीट दिसला. कानापासून कानापर्यंत दात विचकलेली ती मीच होते, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. डाव्या टोकाला माझी दाढ पुढच्या दाढेवर तिरपी रेलली होती.

डोंबिवलीहून लोकलने जाणाऱ्या बाईला यापुढे डॉक्टरांनी काही समजावायची गरज नसते. बाकावर जागा तिघींची. चौथी येते, ‘जरा सरकून घ्या’ म्हणते, अर्धी बाहेर अर्धी आत अशी टेकते, आणि दिवा येईपर्यंत तिसरीच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपते. माझ्या दाढेने हुबेहूब तेच केलं होतं. वैद्यकात तिला मेझिओअँग्युलर म्हणतात, म्हणजे पुढच्या शेजारणीकडे कललेली, आणि अडकलेल्या अक्कलदाढांत हीच जात सगळ्यात जास्त सापडते. जॉर्ज विंटर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९२६ साली या दाढा कशा कशा अडकतात त्याची वर्गवारी केली. सरळ उभ्या, पुढे कललेल्या, मागे कललेल्या, साफ आडव्या. त्यांनी बायकांचा डबा पाहिला नव्हता. एरवी याच कामाला त्यांना कर्जत फास्टची एक सकाळ पुरली असती.

खांद्यावर झोपलेल्या बाईला आपण ठाण्यापर्यंत चालवून घेतो. दाढेचं तसं नसतं. ती जिथे रेलते त्या फटीत अन्न साठतं आणि काही वर्षांत शेजारच्या चांगल्या दाढेला कीड लागते. म्हणजे चौथीमुळे तिसरीला उठवायची पाळी.

‘पण जागा का नाही मुळात?’ हा प्रश्न सासूबाईंचा. उत्तर नवऱ्याने दिलं. नवऱ्याला माहितीचा चाळा आहे. घरात कोणालाही काहीही होवो, तो त्या दुखण्याचा मोबाइलवरून सांगोपांग अभ्यास करतो आणि दुखणाऱ्याला वाचून दाखवतो. त्याने सांगितलं की माणूस शिजवून, दळून, मऊ करून खायला लागला, जबडा आखूड झाला, दात मात्र तेवढेच राहिले. की डार्विननेही १८७१ सालच्या पुस्तकात अक्कलदाढा माणसातून हळूहळू निकामी होत चालल्या आहेत असं लिहिलंय. की काही लोकांना त्या मुळात येतच नाहीत. ‘तेच तर मी म्हणते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आम्ही ऊस दातांनी सोलायचो. फणसाच्या आठळ्या, सुकी खोबरी, कच्च्या कैऱ्या. तुम्ही लहानपणापासून ब्रेड खाल्लात.’ आता लहानपणी भरपूर चावलं तर जबडा नीट वाढतो, हे बऱ्याच शास्त्रज्ञांचंही मत आहे. त्या दिवशी विज्ञान पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूने होतं. ते त्यांच्या कानावर मी आजपर्यंत जाऊ दिलेलं नाही.

नवऱ्याचा अभ्यास तेवढ्यावर थांबला नाही. इंग्लंडात त्रास न देणाऱ्या अक्कलदाढा उगाच काढायच्या नाहीत, असं तिथल्या नाइस या सरकारी संस्थेने २००० साली ठरवून टाकलंय, हे त्याला सापडलं. त्याने ते दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना ऐकवलं. आवाजात पैसे वाचल्याचा आनंद होता. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘पुढचं वाचलंत का?’ पुढे असं होतं, की पहिल्यांदा सूज आली आणि ती फार गंभीर नसेल तर थांबा. पुन्हा आली तर काढा. माझी ही पहिली खेप नव्हती. मागच्या वेळी भगर होती आणि त्याच्या मागे खसखस. इंग्लंडचं सरकारही डॉक्टरीणबाईंना जाऊन मिळाल्यावर नवऱ्याने मोबाइल खिशात ठेवला.

आपल्याकडे अशी दाढ काढायला गल्लीतल्या दवाखान्यात बाहेरून सर्जन येतात. त्यांचा वार ठरलेला असतो. आमच्या बाईंकडे गुरुवारी. बाकीचे दिवस ते कल्याणला, बदलापूरला, अंबरनाथला दाढा काढत हिंडतात. हेल्मेट काढत आत आले, पाठीवर सॅक. मला वाटलं पार्सलवाला. सॅकमधून स्टीलचा डबा निघाला, डब्यातून हिरव्या कापडात गुंडाळलेली हत्यारं. सासूबाईंना या माणसाबद्दल तत्काळ आपुलकी वाटली, कारण तो गुरुवार पाळतो अशी त्यांची समजूत झाली.

सुरू करण्याआधी संमतिपत्र. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते आणि अक्कलदाढेची मुळं कधीकधी तिच्या अगदी अंगाला असतात. तिला धक्का बसला तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. बहुधा काही आठवड्यांनी जाते ही बधिरता, क्वचित राहतेही. हे सगळं त्या कागदावर लिहिलं होतं. खाली साक्षीदाराची सही. एरवी कुरियरच्या कागदावरही तीनदा वाचून सही करणाऱ्या माझ्या नवऱ्याने ती सही एका झटक्यात केली. बायकोचा ओठ चालेनासा होण्याची शक्यता आहे, एवढं वाचून.

मग इंजेक्शन. सुई आत जात असताना मन रमवावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पंख्याकडे बघायला सांगितलं; नवरा दाराच्या फटीतून भुलीचा इतिहास सांगत होता. जबड्याची नस बधिर करायची युक्ती १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या मित्रांनी काढली, पण कोकेन टोचून. स्वतःवरच प्रयोग करता करता हॉल्स्टेड त्या कोकेनच्या कह्यात गेले. मला जे टोचलं ते लिग्नोकेन निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली स्वीडनमध्ये तयार केलं, आणि बेंग्ट लुंडक्विस्ट नावाच्या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःला टोचून पाहिलं. त्या लुंडक्विस्टला मी मनोमन हात जोडले. सर्जननी दार लावून घेतलं, तेव्हा त्यांनाही.

दाढ काढताना दुखत नाही, हे खरं आहे. ऐकू मात्र येतं. आपल्या तोंडात चाललेलं काम कानाला हाडातून ऐकू येतं, त्यामुळे बाहेरच्यांना जी बारीक घरघर वाटते ती आपल्याला आतून सोसायटीच्या बोअरवेलएवढी. आधी हिरडी बाजूला, मग दाढेभोवतीचं थोडं हाड कोरून जागा, आणि मग ते दाढेचेच दोन तुकडे करतात, कारण तिरपी असल्यामुळे ती अख्खी वर येऊच शकत नाही. सर्जन दर मिनिटाला ‘आता फक्त प्रेशर जाणवेल हं’ म्हणत होते. मध्येच एक टक्कन आवाज आला आणि सर्वांचे हात थांबले. माझा श्वासही. सर्जन म्हणाले, ‘झाले दोन. छान.’ हे ‘छान’ ते ज्या समाधानाने म्हणाले, तसं समाधान मी नारळ फोडल्यावर खोबरं चांगलं निघालं की सासूबाईंच्या तोंडावर पाहिलंय.

ट्रेमध्ये ते दोन तुकडे पडले होते. एवढ्याशा वस्तूसाठी ओपीजी, संमतिपत्र आणि स्वीडन. मुलाने शाळेत दाखवायला घेऊन यायला सांगितलं होतं. लहानपणी आमचे दुधाचे दात कौलांवर फेकायचे. आमच्या इमारतीला कौलं नाहीत, गच्चीवर सोलर आहे आणि सेक्रेटरी कडक आहेत. शेवटी दाढ जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली. मी काही म्हणणार होते, पण तोंडात कापसाचा बोळा दाबला होता.

त्या बोळ्यापासून माझं खरं दुखणं सुरू झालं.

सूचना सांगितल्या त्यातली पहिली, थुंकायचं नाही. स्टेशनच्या जिन्यापासून सरकारी कचेरीपर्यंत सगळीकडे भिंतींवर हे वाक्य रंगवलेलं आहे. कारणासकट सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दाढेच्या जागी जो खड्डा होतो त्यात रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजेच पट्टी. थुंकलं, स्ट्रॉने काही ओढलं, की ती निसटते, खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं दुखायला लागतं की आधीची दाढ बरी वाटावी. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. हे कारण नगरपालिकेने भिंतीवर लिहिलं असतं तर गावं स्वच्छ झाली असती.

नवरा गोळ्या आणायला गेला आणि सासूबाई व मी रिक्षात बसलो. ओठ अजून दोन-तीन तास बधिर राहणार होता. ज्यांचा ओठ बधिर झाला नाही त्यांना कल्पना नसते, की प, फ, ब, भ, म ही अख्खी रांग दोन ओठ टेकल्याशिवाय उच्चारता येत नाही. मी बोळ्यातून ‘पेंडसेनगर’ म्हणाले. बाहेर आलं ते ‘हेंऽसेनगर’. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

‘ताई, दाढ का?’

मी मान हलवली. आणि तो बोलायला लागला. त्याच्या भावाची दाढ, भावाची बायको, बायकोचं माहेर, माहेरच्यांनी हडपलेली विहीर. पेंडसेनगर आलं तरी विहिरीचा निकाल लागायचा होता, म्हणून त्याने गेटपाशी मीटर बंद करून उरलेलं सांगितलं. आमच्या भागातला रिक्षावाला सुट्ट्या पैशांखेरीज कशावर बोललेला मी तोवर ऐकला नव्हता. या माणसाने मला सगळं सांगितलं, कारण मी त्याच्या मध्ये एकदाही बोलू शकले नाही.

घरी गेल्यावर हेच लागोपाठ होत गेलं. सुजलेला गाल, तोंडात बोळा, गालावर बर्फाची पिशवी घेऊन मी दिवाणावर पडले होते. आणि ज्याला ज्याला काही सांगायचं होतं, तो येऊन पायथ्याशी बसत होता. सासूबाईंनी गुहागरच्या घराच्या वाटणीचा संपूर्ण इतिहास सांगितला, दोन आवृत्त्यांत: आधी जगाला सांगायची, नंतर खरी. मुलाने सहामाहीचे गणिताचे मार्क सांगितले, जे मला तोवर वेगळे ठाऊक होते. अगदी हळू आवाजात, सरळ माझ्या डोळ्यांत बघून सांगितले त्याने, आणि माझा गाल बघून खात्री करून घेतली की आज उत्तर येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वरणाचं पाणी घेऊन आल्या त्या ‘पाच मिनिटंच’ म्हणून, आणि त्यांच्या नणंदेचं लग्न का मोडलं ते सांगून दिवेलागणीला उठल्या. जाताना म्हणाल्या, ‘तुझ्याशी बोललं की किती बरं वाटतं गं!’ मी बँकेत काउंटरला आहे. दिवसाला शंभर माणसांशी बोलते. एवढं कौतुक मला बोलून कधी मिळालेलं नाही.

घरातला कारभार मात्र व्हॉट्सअॅपवर आला. फॅमिली ग्रुपवर मी ‘कुकर बंद करा’ असं टाकायचे. ज्याने बंद करायचा तो कुकरपासून चार पावलांवर असायचा आणि त्याचा फोन चार्जिंगला. निळ्या टिका यायच्या त्या पुण्याच्या नणंदेच्या. ती तिकडून लिहायची, ‘किती शिट्ट्या झाल्या?’

जेवायला मऊ भात. सकाळी मऊ भात मेतकूट, दुपारी मऊ भात वरणाचं पाणी, रात्री मऊ भात आणि जिभेला काहीतरी हवं म्हणून लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार. मध्ये आइस्क्रीम डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, तेवढं मुलगाही माझ्याबरोबर औषध म्हणून खात होता. गूळपोळ्या डब्यात होत्या. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही.

अडचण एवढीच होती की शनिवारचं हळदीकुंकू आधीच ठरलं होतं. निमंत्रणं गेली होती, वाणाच्या गाळण्या येऊन पडल्या होत्या. दाढेची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. म्हणजे गुरुवारनंतर नेमकी शनिवारी. रथसप्तमीपर्यंत पुढे ढकलता आलं असतं, पण पुढच्या शनिवारी देशपांड्यांकडे होतं, त्याच्या पुढच्या शनिवारी सोसायटीचं, आणि बायकांच्या तारखा बदलण्यापेक्षा दाढ परत बसवणं सोपं.

मी काळी चंद्रकळा नेसले. तोंडात टाके काळ्या रेशमाचे होते, त्यामुळे आतून-बाहेरून मॅचिंग झालं. हळदीकुंकू लावायला मी वाकले की समोरची बाई कपाळ पुढे करायच्या ऐवजी माझ्या गालाकडे बघायची. ‘आ कर बघू.’ आ होत नव्हता. दोन बोटं जेमतेम. तेवढ्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून निदान तिघींनी टाके पाहिले, आणि एकीने ‘माझ्या जावेचे याहून बारीक होते’ असा शेराही दिला. कोणाच्या भावजयीची दाढ आडवी होती, कोणाच्या मामेसासऱ्यांची उलटी, आणि देशपांडेकाकूंच्या दिराच्या चारही एकाच वेळी काढल्या होत्या, त्यानंतर कोणाला आपली दाढ काढायची हिंमत झाली नाही. अक्कल गेली का, हा विनोद येताना प्रत्येकीने केला. प्रत्येकीला तो जिन्यात सुचला होता. मी प्रत्येक वेळी हसले, कारण गाल सुजलेला असला की माणूस हसतोय की नाही हे समोरच्याला कळत नाही आणि तो आपल्या सोयीने समजून घेतो.

मग कोणीतरी म्हणालं, ‘उखाणा!’

मी मानेने नाही म्हटलं. सासूबाईंनी नाही म्हटलं. पण आमच्या इमारतीत एकदा उखाण्याचा आवाज उठला की तो घेतल्याशिवाय बसत नाही. मी मनातल्या मनात जुळवलेला उखाणा असा होता:

मऊ भातावर मेतकूट, वर तुपाची धार,
मिलिंदरावांचं नाव घेते, दाढ झाली हद्दपार.

मला तो बरा वाटला होता. पण दातांवर दात ठेवून, ओठ न हलवता, सुजल्या गालातून तो बाहेर पडला तेव्हा त्यातली तीन अक्षरं तीन ठिकाणी गळाली. टाळ्या कडकडून पडल्या. न कळलेल्या उखाण्याला नेहमीच जास्त पडतात. प्रत्येकीने आपापल्या परीने तो जुळवला, तिळगूळ घेतला, गाळणी घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजींनी माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, ‘मिलिंद कुठे गेला गं? हद्दपार म्हणजे पोलिसांनी केलं का?’ तोंड उघडत नसताना हे निस्तरायला किती वेळ लागतो ते कोणाला सांगून खरं वाटणार नाही. नवरा संध्याकाळी भाजी घेऊन आला तेव्हा वॉचमनने उठून सलाम केला.

टाके निघाले. तोंड उघडायला लागावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम होता, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. तीन बोटं मावली की उत्तीर्ण. ज्या दिवशी मी उत्तीर्ण झाले त्या दिवशी पहिल्यांदा गणिताच्या मार्कांचा विषय काढला. दिवाणाच्या पायथ्याशी त्यानंतर कोणी येऊन बसलं नाही. खालच्या वहिनी भेटतात, पण ‘घाईत आहे’ म्हणतात.

पावसाळ्यात उजवीकडची दाढ उठली. या वेळी मका. कणसाचं एक टरफल झडपेखाली गेलं, श्रावण लागेपर्यंत ते प्रकरण दोनदा सुजून वाहिलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता हीसुद्धा काढून टाकू, कधी करूया सांगा.

मी कालनिर्णय घेऊन बसले. श्रावणात नागपंचमीचे दिंड, नारळीभात, दर सोमवारचं काहीतरी. मग गणपती: उकडीचे मोदक मऊ असतात हे खरं, पण नुसता मोदक गिळून कोण खातं? गौरींचं जेवण, नवरात्रातला उपासाचा बटाट्याचा चिवडा, दसऱ्याची बासुंदी चालली असती पण त्याआधीच्या पुऱ्या कोण सोडणार? मग दिवाळी. चकली, कडबोळी, शंकरपाळे, अनारसे. दाढ नसलेल्या माणसाने दिवाळीत घरात राहूच नये. मार्गशीर्षात गुरुवारांचे उपास, म्हणजे सासूबाईंचे सर्जनही बहुधा बंद. मग परत तीळ.

आणि तेवढ्यात मला ते पान दिसलं. पितृपंधरवडा! ना लग्नं, ना मुंजी, ना हळदीकुंकू. कोणी घरी येत नाही, आपण कोणाकडे जात नाही, उखाणा तर नाहीच नाही. आणि जेवायला काय? खीर, कढी, भोपळ्याची भाजी. वडे सोडले तर अख्खं पान दाढेवाचून जेवता येणारं.

सासूबाई म्हणाल्या, ‘पितृपक्षात नवीन काही करत नाहीत.’ मी म्हटलं, नवीन कुठे, जुनंच काढतेय. त्यांना ते पटलं आणि पटलं नाही. शेवटी त्यांनी गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मागे कुठेतरी आरती चालली होती. मग म्हणाले, ‘काढायला हरकत नाही. बसवायचा असेल तर थांबा.’

मी लगेच दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने वही उलटली.

‘पितृपक्षातले दोन्ही गुरुवार फुल आहेत, मॅडम. आषाढातच भरले. दिवाळीचा गुरुवार पूर्ण मोकळा आहे, देऊ?’